सिंहासन, तख्त आणि गादी

१/८
राजाच्या आसनाला मराठीत तीन नावे आहेत : सिंहासन, तख्त आणि गादी. शब्दकोशात ती शेजारी नांदतात. इतिहासात मात्र कोणाच्या आसनाला कोणता शब्द लावायचा, हा अधिकाराचा प्रश्न होता.

२/८
‘सिंहासन’ संस्कृत. अर्थ उघड आहे : सिंहांनी तोललेले आसन. ते केवळ राजाचे नव्हे. वेरूळच्या जैन लेण्यांत तीर्थंकरांच्या आसनाखालीही सिंह कोरलेले आहेत. सार्वभौमत्व, मग ते ऐहिक असो वा आध्यात्मिक, त्या सिंहांवर विसावते.

३/८
‘तख्त’ फारसी. उंच बैठक, पलंग, राजासन असे त्याचे अर्थ. फारसीत राजधानीला ‘पायतख्त’ म्हणतात. शाळेच्या भिंतीवरचा ‘तक्ता’ याच कुळातला. ‘तख्ता’ म्हणजे फळी.

४/८
सतराव्या शतकात दख्खनमध्ये तख्त सुलतानांचे होते. मराठा सरदार कितीही प्रबळ असला, तरी कायद्याने त्यांचा चाकरच. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराज ‘सिंहासनाधीश्वर’ झाले आणि ही चौकट मोडली. सभासद सिंहासनाचे सोने ३२ मण सांगतो.

५/८
फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ याच राजवटीत सिद्ध झाला. तरीही महाराजांची थोरवी सांगताना सभासदाच्या लेखणीतून ‘पातशहा’ हाच शब्द उतरतो. राज्य एका दिवसात स्वतंत्र घोषित करता येते. भाषेला वेळ लागतो.

६/८
‘गादी’ म्हणजे मुळात भरलेली मऊ बैठक. ती सावकाराच्या पेढीवर असते, मठातही असते. तिच्यात वैभवापेक्षा वारसा महत्त्वाचा : आधी कोण बसले, नंतर कोण बसणार? १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांवर शिक्कामोर्तब झाले.

७/८
हाच शब्द इंग्रजांनी सोयीने उचलला. संस्थानिकांना ‘गादी’, सिंहासन फक्त इंग्लंडच्या राजसत्तेचे. वारस मान्य करण्याचा हक्कही इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक कंपनीने नाकारले आणि राज्य खालसा झाले.

८/८
आज राजे नाहीत. भांडण ‘खुर्ची’चे आहे. हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आला, आणि अरबीत कुर्सी म्हणजे राजासनही. लोकशाहीने सिंहासन हटवले, पण त्याच्या जागी आलेल्या शब्दातही एक सिंहासन लपलेलेच आहे.