मंगळाच्या आधी नगरचा किल्ला

कुणाचाही हुकूम चालणार नाही अशा जागी, मंगळावर, कायमचं राहायला जायचंय म्हणता ना? मग आधी नगरला चला. तारीख 20 जून 1944. भुईकोट किल्ल्याचा खंदक ओलांडा, दरवाजा मागे बंद होऊ द्या आणि या चौकात उभे राहा.

भोवती बराकी, वर आभाळाचा तुकडा. काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत पकडली गेली, ती इथे आहेत. नेहरू बागेत खणतायत. तुम्हीही कुदळ घ्या. माती निकस, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. याच किल्ल्यासाठी चांदबीबी अकबराच्या फौजेशी लढली. इथे खणताना जुन्या भिंती लागल्या, गाडलेल्या इमारतींचे घुमट लागले. एका भिंतीवर तर दगडात कोरलेलं कमळ निघालं. माती झटकून त्याच्या पाकळ्यांवरून बोट फिरवा. याहून खोल खणायला सरकारची परवानगी नाही.

मंगळावर राहायचं ते असंच, किंबहुना याहून कोंडून. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, मातीत पर्क्लोरेटचे विषारी क्षार, आणि किरणोत्सर्गापासून वाचायचं तर बहुतेक जमिनीखालीच घर करावं लागेल. चार भिंतींत तीच ती माणसं, वर्षानुवर्षं. त्यात दिवस कसा काढायचा, हे या लोकांकडून शिकावं. मौलाना आझाद पहाटे तीनच्या सुमाराला उठतात, स्वतःच्या हाताने चिनी चहा करतात आणि कधीच टपालात न पडणारी पत्रं लिहायला बसतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या बेगम कलकत्त्यात वारल्या. सुटकेसाठी सरकारकडे एक शब्द टाकायचा नाही, असं मौलानांनी ठरवलं होतं; शेवटची भेट झाली नाही. मंगळावरून घरी निरोप पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतील. निरोप पोचेलही, माणूस पोचायला महिने लागतील.

आज अमावस्या. दोन दिवसांनी, ढग आड आले नाहीत तर, कोर दिसेल. नेहरूंच्या लेखी अशी प्रत्येक कोर म्हणजे कैदेचा आणखी एक महिना सरला. ते आत जाऊन लिहायला बसतात. एप्रिलपासून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ चालू आहे; सप्टेंबरपर्यंत सुमारे हजार पानं हाताने लिहून होतील. बंद खोलीत बसून ते या देशाची हजारो वर्षं धुंडाळतायत. हाच देश मोकळा व्हावा, एवढंच त्यांना हवंय.

आणि आजच, इकडे कुणालाही खबर नसताना, जर्मनीत पेनेम्युंडेहून एक व्ही-2 रॉकेट सरळ वर गेलंय, 176 किलोमीटरपर्यंत. माणसाने केलेली वस्तू पहिल्यांदाच अंतराळात पोचली. ही रॉकेटं बोगद्यांत जोडायला डोरा छळछावणीचे हजारो कैदी जुंपलेत आणि ते तिथे मरतायत. पृथ्वी सोडायची वाट अशी कैद्यांच्या हातून बांधली गेली, हे मला विसरता येत नाही.

इथले कैदी नेहरू पंतप्रधान असताना, 21 नोव्हेंबर 1963 ला, थुंब्याहून आपल्या भूमीवरून अंतराळाकडे जाणारं पहिलं रॉकेट उडेल. 2014 मध्ये आपलं यान मंगळाभोवती फिरू लागेल. त्याच सुमाराला ‘मार्स वन’ नावाची कंपनी परत न येण्याच्या बोलीवर अर्ज मागवेल, भारतातूनही अर्ज जातील, आणि 2019 मध्ये तिचं दिवाळं निघेल.

मंगळावर कोणत्याच देशाची मालकी चालत नाही, हे 1967 च्या अंतराळ कराराने ठरवलंय. पण त्याच कराराप्रमाणे, यान ज्या देशाच्या दप्तरी नोंदलेलं, त्यातली माणसंही त्याच देशाच्या अखत्यारीत. हुकूम तुमच्याबरोबर प्रवासाला येणारच. या किल्ल्यात शिपाई पत्र अडवू शकतो, वर्तमानपत्र अडवू शकतो, श्वास मात्र नाही. तिथे हवाही कुणीतरी यंत्रातून सोडणार.

जा, जरूर जा. जायची ओढ मला परकी नाही. फक्त सही करण्याआधी विचारून घ्या: प्राणवायूची झडप कुणाच्या ताब्यात, घरचं पत्र आधी कोण वाचणार, आणि भांडण झालं तर परतीची सोय काय?