स्वाधीन श्रमाचें मोल

बीड जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत मी इतिहास शिकवितों. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांना "पुढें काय करणार ?" असें विचारलें, म्हणजे बहुतेकांचें उत्तर एकच येतें : सरकारी नोकरी. या उत्तराबद्दल त्यांना दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. ज्या मुलखांत पावसाचा भरंवसा नाहीं, आणि १९४८ सालीं निजामी राजवट संपेपर्यंत जेथें कारखानदारी फारशी रुजली नाहीं, तेथें पहिल्या तारखेस हातीं पडणारा पगार हेंच सुखाचें दुसरें नांव वाटल्यास नवल काय ? शिवाय उपदेश करणारा मी स्वतः आजवर पगारावरच जगलों आहें. तरीहि एका माणसाची हकीकत सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्याच्या हौसेनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु डोळ्यांस अंशतः रंगांधत्व असल्याचें आढळून आल्यानें रंग सुटले आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. बांधलेला पगार, चारचौघांत मान आणि मुंबईचा निवास. मध्यमवर्गीय गृहस्थास आणखी काय हवें? पण बढतीची वेळ आली तेव्हां त्यांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. असा अन्याय त्या काळीं पुष्कळांनीं सोसला; ते घरीं येऊन चडफडले आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामावर हजर झाले. लक्ष्मणरावांनीं मात्र नोकरीच सोडली.

बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. तेथून कडबा कापण्याचें यंत्र आणि त्यामागून लोखंडी नांगर तयार झाला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक नव्हतें. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष भिनतें, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले कांहीं नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. त्या दोन वर्षांचें चित्र मनापुढें आणावें. नोकरी गेलेली, भांडवल लोखंडांत अडकलेलें, आणि ज्याच्यासाठीं हा खटाटोप तो शेतकरीच दुरून मान हालवीत आहे ! इतक्यांत बेळगांवची जागाहि सोडण्याचा प्रसंग आला.

अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. जमीन निवडुंगानें भरलेली होती आणि तेथें सापांचा सुळसुळाट होता. १९१० सालीं तेथेंच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढें महायुद्धामुळें परदेशी मालाची आवक खुंटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. १९२० सालीं किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्रिकेचें पुढें मराठी घराघरांत वाचलें जाणारें मासिक झालें, हें आपणां वाचकांस निराळें सांगावयास नको.

"श्रम करा म्हणजे लक्ष्मी प्रसन्न होईल," असा या हकीकतीचा अर्थ कोणी काढील, तर तो आमच्या जिल्ह्यांत टिकणार नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील गांवेंच्या गांवें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि थंडीच्या अंधारांत ज्या फडांवर त्यांचा कोयता चालतो, त्यांपैकीं कित्येक किर्लोस्करवाडी ज्या सांगली जिल्ह्यांत आहे, तेथलेच असतात. या माणसांहून अधिक श्रम कोणी केले असतील असें मला वाटत नाहीं. मग त्यांचें दारिद्र्य कां फिटत नाहीं ?

दोन्ही ठिकाणीं कष्ट आहेत, आणि कर्जहि आहे. फरक कर्जाच्या जातींत आहे. औंधच्या कर्जानें लक्ष्मणरावांस स्वतःच्या बुद्धीनें काम करावयास अवसर मिळाला. काय घडवावें आणि कोणास विकावें हें ठरविणें त्यांच्याच हातीं राहिलें. उचल मात्र घेणाराचे पुढील सहा महिने आधींच विकत घेते. श्रमाला स्वाधीनतेची जोड नसेल, तर त्याचें फळ दुसऱ्याच्या कोठारांत जातें. उलट, पगारांत सुख असलें तरी बढतीच्या दिवशीं आपलें मोल दुसराच ठरवितो, हें लक्ष्मणरावांस मुंबईंत कळून चुकलें होतें.

ही हकीकत ऐकून एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, सगळें खरें, पण औंधचा राजा कोठून आणावा?" त्याचे आईबाप ऊसतोडीस जात. मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. राजे गेले. पण स्पर्धापरीक्षेच्या वर्गासाठीं मुलास पुण्यास ठेवणारीं आणि त्यापायीं वर्षानुवर्षें पैसा पुरविणारीं शिकलेलीं घरें मी पाहतों. तोच मुलगा लहानशा कारखान्यासाठीं दोन वर्षांचा धीर आणि तेवढाच पैसा मागूं लागला, तर त्याच घरांत "हें कसलें वेड ?" असें म्हटलें जातें. परीक्षेंतील अपयश आपण पोटांत घालतों. न खपलेला नांगर आपणांस खपत नाहीं.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर माझ्यासारख्या पगारदारांनींच द्यावयाचें आहे, आणि तें शब्दांनीं देतां येण्यासारखें नाहीं.