उपवासाचा आहार

व्रताच्या किंवा नेमाच्या दिवशी रोजचे धान्य-डाळींचे जेवण वर्ज्य करून त्याऐवजी घेतला जाणारा आहार. बोलीत त्याला ‘फराळाचं’ म्हणतात; दिवाळीच्या फराळाशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रात एकादशी, संकष्टी चतुर्थी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, हरतालिका आणि नवरात्र हे त्याचे ठरलेले प्रसंग. याखेरीज आपापला वार धरणारी माणसे घरोघरी असतात. या नोंदीत विषयाची आरोग्याची बाजू घेतली आहे. व्रतांच्या धार्मिक अर्थासाठी पाहा : व्रत. राजकीय उपोषणासाठी पाहा : उपोषण.

उपवासाच्या दिवशी अन्न कमी होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ते बदलते, आणि पुष्कळदा वाढते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आहारतज्ज्ञांनी केलेली नाही. त्यामुळे उपवास प्रकृतीला चांगला की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. भाकरी, वरण, भाजी यांच्या जागी काय आले, किती आले आणि किती तासांनी आले, हे पाहावे लागते.

प्रकार : देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा ग्रंथ रचला, त्याचा व्रतखंड प्रसिद्ध आहे. पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात व्रतांचा तपशीलवार परामर्श घेतला आहे. एकभुक्त (दिवसातून एकदा जेवण), नक्त (फक्त रात्री जेवण), अयाचित (न मागता मिळेल तेवढेच) आणि पूर्ण उपवास असे भेद धर्मशास्त्रात आढळतात. आजच्या व्यवहारात निर्जळी, फक्त फळे-दुधावरचा आणि फराळाचा असे तीन प्रकार ढोबळमानाने दिसतात. नवरात्रात पूर्ण नऊ दिवस न जमल्यास पहिल्या दिवशी व अष्टमीला ‘उठता-बसता’ उपवास करतात. सोडण्याची वेळही वेगवेगळी असते. सोमवार संध्याकाळी सुटतो, संकष्टी चंद्रोदयानंतर, एकादशी दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्याला. आरोग्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पोट रिकामे राहण्याचा काळ त्यावर ठरतो.

चालणारे पदार्थ : साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटा, रताळी, सुरण, लाल भोपळा, काकडी, केळी, खजूर, दूध, दही, ताक, तूप, गूळ, आमसूल. या यादीला सर्वमान्य आधार नाही. कोथिंबीर, जिरे, हळद, भेंडी याबाबत घराघरांत मतभेद असून ‘आमच्यात चालतं’ आणि ‘आमच्यात नाही चालत’ हीच शेवटची प्रमाणे आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, ही सर्व मूळची अमेरिका खंडातली पिके आहेत. राजगिऱ्याच्या धान्यासाठी पिकणाऱ्या मुख्य जातीही तिकडच्याच. सोळाव्या शतकापूर्वी ही पिके भारतात आलेली नव्हती. सनातन म्हणून जे ताट वाढले जाते त्यातले निम्मे हेमाद्रीने पाहिलेले असणे शक्य नाही.

साबुदाणा : महाराष्ट्रातील फराळाचे मुख्य अन्न. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठापासून होतो. भारतातला टॅपिओकाच्या कंदापासून. त्रावणकोर संस्थानात विशाखम तिरुनाळ महाराजांनी (कार. १८८०–८५) या पिकाच्या लागवडीला उत्तेजन दिले. कंदपिकांवरील केंद्रीय संशोधन संस्था १९६३ पासून तिरुवनंतपुरम येथे आहे. उद्योग मात्र तमिळनाडूत, सेलम आणि आसपासच्या भागात वाढला. तेथील उत्पादकांची ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली, आणि सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालाचा मोठा ग्राहक महाराष्ट्र आहे. खुद्द तमिळनाडूत त्याला जव्वरिसी म्हणतात आणि तिथे तो पायसम-वडामात जातो, उपवासाशी त्याची अशी सांगड नाही.

कंद सोलून, धुऊन, किसून त्याचे पिठूळ पाणी गाळतात व टाक्यांत निवळू देतात. तळाशी बसलेला ओलसर स्टार्च फडक्यात किंवा यंत्रात हलवून त्याच्या गोळ्या करतात, त्या चाळून तव्यांवर परततात आणि उन्हात वाळवतात. परतल्यामुळे गोळीचा बाहेरचा थर अर्धवट शिजतो, म्हणून ती भिजवल्यावर विरघळत नाही. कच्च्या कंदात सायनाइड निर्माण करणारे लिनामरिन हे द्रव्य असते. किसणे, धुणे, निवळणे आणि वाळवणे या क्रियांत ते बहुतांशी निघून जाते. त्याच क्रियांत कंदातली थोडीफार प्रथिने, तंतू आणि जीवनसत्त्वेही निघून जातात. उरतो तो जवळजवळ शुद्ध स्टार्च. साबुदाणा घाणेरड्या टाक्यांत किड्यांसकट तुडवला जातो, तेव्हा तो उपवासाला चालत नाही, असा मजकूर समाजमाध्यमांवर दर श्रावणात फिरतो. तो सगळ्या उद्योगाला लावणे योग्य नाही. मक्याचा स्टार्च मिसळणे व पांढरेपणासाठी रसायने वापरणे यांविरुद्ध मात्र तमिळनाडूत कारवाया झाल्या आहेत.

शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी आणि सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. खिचडीच्या एका बशीचा हिशेब असा मांडता येतो. साबुदाणा ७५ ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट २५ ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, अर्धा बटाटा : एकूण साडेपाचशे ते सहाशे कॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत सुमारे साडेतीनशे कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आमटी वेगळी. खिचडीतली जवळपास सगळी प्रथिने कुटातून येतात. साबुदाणा धुऊन, निथळून, दाणे जेमतेम भिजतील इतकेच पाणी ठेवून चार-पाच तास झाकतात. दाणा चिमटीत सहज मोडला की तो तयार समजावा. त्याला कूट आधीच चोळून घेतला तर तो सुटलेला ओलावा शोषतो आणि खिचडीचा गोळा होत नाही. म्हणजे कूट सढळ हाताने घालण्याची सुगरणीची सवय चवीपुरती नाही. कूट वाढवून साबुदाणा कमी करणे, सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर घेणे, एवढ्याने बशीचा तोल बराच सुधारतो. साबुदाणा वडा तळला जातो, त्यामुळे हा हिशेब त्याला लागू नाही. बाजारात मिळणारे वेफर्स, बटाट्याचा तळलेला चिवडा आणि ‘उपवासाची मिसळ’ यांना उपवासाच्या आहारात का गणावे, याचे कारण आहारशास्त्रात सापडत नाही.

वरई : भगर, वरीचे तांदूळ. या नावांखाली बाजारात वरी आणि सावा ही दोन वेगळी भरड धान्ये विकली जातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गवतवर्गीय धान्येच आहेत, तरी उपवासाला ती धान्यात मोजत नाहीत. लागवड सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर, विशेषतः नाशिक, पालघर, ठाणे या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत होते. भरडून पॉलिश करणाऱ्या गिरण्या नाशिक परिसरात आहेत. प्रथिने नमुन्यानुसार सहा ते दहा ग्रॅम, तंतू तांदळापेक्षा जास्त. मात्र शुभ्र दिसावी म्हणून जितके पॉलिश जास्त, तितका हा फायदा कमी. वरईचा भात आणि दाण्याची आमटी हे साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा सर्व बाजूंनी सरस जेवण आहे, असे या नोंदकाराचे मत आहे.

वरईचा एक धोका मात्र खरा आहे. नवरात्र, महाशिवरात्र, आषाढी एकादशी अशा दिवशी भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात पुन्हापुन्हा येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सप्ताहाच्या ठिकाणी एकादशीचा फराळ घेतल्यानंतर शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा न उरल्याने दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून रस्त्याकडेला उपचार करावे लागले. अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनांनुसार भगरीवर अॅस्परजिलस गटातील बुरशी वाढते आणि त्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात. मळमळ, उलट्या, चक्कर, थरथर ही लक्षणे काही तासांत दिसतात. प्रत्येक घटनेत कारण तेच असते असे नव्हे. मोठ्या पंगतीत शिजवून तासन्‌तास ठेवलेले अन्न हेही कारण असू शकते. भगरीचे पीठ हवेतला ओलावा लवकर ओढते, म्हणून दळून ठेवलेले किंवा सुटे पीठ घेऊ नये. पाकीटबंद भगर आणून, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी आणि शिजवलेली त्याच वेळी संपवावी. शेंगदाण्याबाबतही हीच दक्षता हवी. खवट, काळसर, सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही.

राजगिरा : प्रथिने १३ ते १५ टक्के, कॅल्शियम व लोह भरपूर. फराळाच्या पदार्थांत सर्वांत पौष्टिक, पण महाराष्ट्रात तो लाडू-चिक्कीपुरता उरला आहे. शिंगाडा : पाहा : शिंगाडा.

शरीरावरील परिणाम : शेवटच्या जेवणानंतर यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनवर शरीर साधारण अर्धा ते एक दिवस रक्तातील साखर टिकवते, पुढे चरबी जाळून कीटोन तयार करण्याचा वेग वाढतो. सकाळी खिचडी, दुपारी वरई, चारला वेफर्स आणि रात्री रताळ्याचा कीस अशा दिवशी ही अवस्था येतच नाही. एकभुक्त किंवा निर्जळी उपवासात ती येऊ शकते. उपवासाने शरीर ‘आतून साफ’ होते या म्हणण्याला आधार म्हणून जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेल पारितोषिकाचा हवाला दिला जातो. पेशी आपलेच निकामी भाग कसे पचवतात यावरचे त्यांचे मूळ काम यीस्टवर झाले. एकादशीबद्दल त्यावरून काही निष्पन्न होत नाही.

ठरावीक तासांतच खाण्याच्या पद्धतीवर अलीकडे बरेच प्रयोग झाले. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या होत्या. सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोने, तर वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. वजन कमी झाले ते मुख्यतः कमी खाल्ल्याने. दिवसातून दोनदाच जेवण्याची जी पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवली, तिच्याबद्दल वैद्यकवर्तुळात मतभेद आहेत. तिचा विचार येथे केलेला नाही.

‘उपवासाने पित्त होते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. रिकाम्या पोटी चार-पाच वेळा घेतलेला दुधाचा चहा, तळण, हिरवी मिरची आणि रात्री उशिरा उपवास सोडताना भरपेट जेवण ही तिची नेहमीची कारणे. अर्धशिशीच्या रुग्णांत जेवण चुकणे हे डोके उठण्याचे ज्ञात निमित्त आहे. निर्जळी उपवास मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावा.

मधुमेह : इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या (ग्लिमेपिराइड इ.) घेणाऱ्यांची साखर उपवासात धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते, आणि फराळानंतर तीच झपाट्याने चढते. एसजीएलटी-२ गटातील औषधे चालू असताना दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास उपवास तेथेच सोडावा, असे रोज्यासंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे सांगतात. एकादशीलाही ते तितकेच लागू आहे. औषधाची वेळ व मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ‘आज उपवास आहे, गोळी नको’ असे म्हणणारे ज्येष्ठ रुग्ण दवाखान्यांना परिचित आहेत. धर्मशास्त्रात व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टींची यादी येते. पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्याबरोबर औषधही तिच्यात आहे. रुग्णाला हे सांगितले तर पुष्कळदा आहारतक्त्यापेक्षा अधिक उपयोग होतो.

स्त्रिया : व्रते अधिक करून स्त्रियाच धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. उपवासांशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. तरी ज्या घरात बाईच्या वाट्याला एरवीही डाळ-भाजी शेवटी येते, तिथे आठवड्यातून दोन-दोन वार साबुदाण्यावर काढणे लोहाच्या दृष्टीने तोट्याचे आहे. गरोदरपणी व अंगावर पाजत असताना निर्जळी करू नये. हरतालिकेलाही बऱ्याच घरांतल्या वडीलधाऱ्या बायका अशा सुनेला ‘फळं-दूध घे’ म्हणून सूट देतात.

मीठ : उपवासाला अनेक घरांत शेंदेलोण वापरतात. त्यात आयोडीन नगण्य असते; एका दिवसाने बिघडत नाही, पण ते रोजच्या स्वयंपाकात कायमचे आणू नये.

अन्य धर्मीयांचे उपवास : पाहा : आयंबिल, रोजा, लेंट.