ब्रेक ऑइलची गळती

ब्रेक ऑइलची गळती म्हणजे मोटारीच्या द्रवचालित ब्रेक यंत्रणेतील बंद मार्गातून द्रव बाहेर झिरपणे, किंवा मास्टर सिलिंडरमध्ये तो आतल्या आत मागे निसटणे. गळतीमुळे पेडलवर दिलेला जोर चाकांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. टाकीतील पातळी खाली जाणे हे गळतीचे लक्षण आहे. उगम न शोधता केवळ नवा द्रव भरल्यास दोष तसाच राहतो आणि त्याची खूण मात्र काही दिवस दिसेनाशी होते.

यंत्रणा

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. त्यातून निर्माण झालेला दाब पास्कलच्या नियमानुसार पाइप आणि रबरी होज यांमधून सर्व चाकांकडे पोहोचतो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरचा दट्ट्या पॅडना डिस्कवर दाबतो, तर ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर लायनर फाकवतो. भारतातील अनेक लहान मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी जोडी आढळते. चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेली पहिली उत्पादित मोटार १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने विक्रीस आणली. सुरुवातीच्या अशा यंत्रणांत सर्व चाकांसाठी एकच मार्ग असे; एक होज फुटली की चारही ब्रेक जात. आजच्या मोटारींत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र कप्पे असतात व प्रत्येक कप्पा दोन चाके सांभाळतो, बहुधा कर्णरेषेतील. त्यामुळे एका मार्गातील द्रव संपला तरी उरलेल्या दोन चाकांचे ब्रेक लागतात, पण पेडल बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते.

द्रवाचे स्वरूप

‘ऑइल’ हा शब्द रूढ असला तरी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांचे द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनतात. त्यांत खनिज तेल नसते. डॉट ५ मात्र सिलिकॉनवर आधारित असून तो इतरांत मिसळत नाही. टाकीच्या झाकणावर छापलेलाच प्रकार वापरावा लागतो. पातळी कमी दिसली म्हणून हाताशी असलेले इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतणे ही फार महाग पडणारी चूक आहे. खनिज तेलाने यंत्रणेतील रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. शोषलेले पाणी सिलिंडर आतून गंजवते, खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर सील झिजते आणि पुढे तेथूनच गळती सुरू होते. हा द्रव गाडीचा रंगही खातो. तो सांडल्यास पुसत बसण्याऐवजी लगेच भरपूर पाण्याने धुतात.

निदान

पातळी किंचित घटणे म्हणजे गळतीच असे नाही. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे दट्टे बाहेर सरकतात आणि टाकीतील थोडा द्रव त्यांच्यामागील जागा भरतो. ही घट महिनोन्‌महिने सावकाश होते. आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी पुन्हा उतरत असेल, तर गळती गृहीत धरावी. डॅशबोर्डवरील लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असतानाही लागतो. तो खाली केल्यावर दिवा विझला नाही तर प्रथम टाकी पाहावी.

गाडीखाली ओघळ दिसल्यास तो कशाचा आहे हे ठरवण्याची साधी कसोटी म्हणजे त्याचा थेंब पाण्यात टाकून पाहणे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, इंजिन ऑइल तरंगते. ताजे ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असते, जुने तपकिरी होते. वातानुकूलन यंत्राचे पाणीही गाडीखाली ठिबकते, पण ते बोटांना निसरडे लागत नाही.

ओलाव्याची जागा उगम सुचवते. चाकाच्या आतल्या बाजूस ओघळ असल्यास कॅलिपर, व्हील सिलिंडर किंवा होज संशयित ठरतात. मागचा ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे रबरी टोपण हळूच उचलल्यास आतील द्रव दिसतो. बाहेरून कोरड्या भासणाऱ्या चाकातही तो सापडतो. गाडीच्या पोटाखालून जाणारे पोलादी पाइप क्लिपांपाशी गंजतात. खडबडीत, खडीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत दगडांचा मारही त्यांना बसतो.

कोठेही थेंब नाही आणि पातळी मात्र उतरते, ही सर्वांत फसवी अवस्था होय. मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून निसटलेला द्रव बऱ्याचदा ब्रेक बूस्टरमध्ये साचतो, त्यामुळे जमिनीवर काहीच पडत नाही. मास्टर सिलिंडर सोडवून बूस्टरच्या तोंडाशी ओल आहे का, हे पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. दुसऱ्या प्रकारात आतील सील झिजून द्रव दट्ट्याला वळसा घालून मागे जातो. येथे पातळीही घटत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून धरले असता ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर गळती नसली, तर हा दोष संभवतो. पेडल मऊ लागते, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन घट्ट होते, असे असल्यास यंत्रणेत हवा शिरल्याचा संशय असतो. मागचे लायनर ढिले असतानाही जवळपास असाच अनुभव येतो.

घाटउतार आणि चुकीचे निदान

बीड–पाटोदा बाजूने जामखेडकडे येताना बालाघाट डोंगररांगेतील सौताडा घाट उतरावा लागतो. अशा उतारावर सतत ब्रेक दाबून आलेल्या गाडीचे पेडल पायथ्याशी मऊ लागले, तर गळतीचा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. ओलावा शोषलेला जुना द्रव कॅलिपरपाशी उकळून त्याची वाफ होते. वाफ दाबली जात असल्याने पेडल खाली जाते. गाडी अर्धा तास थांबून थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होत असेल, तर कारण उष्णता हे असते आणि उपाय संपूर्ण द्रव बदलण्याचा. गळतीने खाली गेलेले पेडल थंडाव्याने सुधारत नाही. पेडल टणक असूनही गाडी आवरत नसेल, तर पॅड तापून त्यांची पकड सुटलेली असते. तिन्ही प्रसंगी चालक ‘ब्रेक फेल झाले’ असेच सांगतो, म्हणून पेडल कसे लागले हे मिस्त्रीने नेमके विचारून घेणे आवश्यक ठरते.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय या संदर्भात घातक आहे, कारण तेव्हा इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो. चालत्या गाडीचे पेडल अचानक तळाला गेल्यास ते भराभर मारावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक बेताने ओढावा. इंजिन बंद केल्यास बूस्टर व पॉवर स्टिअरिंग यांचे साहाय्य जाते. थांबलेली गाडी पुढे चालवत न नेता उचलून गॅरेजपर्यंत नेतात.

दुरुस्ती

गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर घेतात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे धोक्याचे असते. गंजलेला किंवा चिरलेला पोलादी पाइप बदलावाच लागतो. जोरात ब्रेक मारताना आतील दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या अनेक पटींनी जास्त असतो, त्यामुळे चिकटपट्टी, एपॉक्सी लांबी किंवा होजला बांधलेली तार यांचा येथे उपयोग नाही. होज फुगलेली वा भेगाळलेली असल्यास त्याच अ‍ॅक्सलची दुसरीही बदलण्याचा प्रघात आहे. तिच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालतात, कारण एकदा दबलेले वॉशर पुन्हा नीट बसत नाहीत.

कॅलिपरचा दट्ट्या गुळगुळीत असेल तर सील किट पुरते. त्यावर गंजाचे खड्डे असल्यास नवे सीलही लवकरच गळते. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांची रबरे बदलण्याची पद्धत जुनी असली, तरी आतील भिंत ओरखडलेली असल्यास पूर्ण सिलिंडर बदलणे योग्य. द्रवाने भिजलेले लायनर वा पॅड धुऊन पुन्हा वापरत नाहीत. ते दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात, अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

यानंतर यंत्रणेतील हवा काढावी लागते. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळील निपल सैल करून नळीवाटे बुडबुड्यांसह द्रव बाटलीत घेतो आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल आवळतो. उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचे डावे चाक मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असल्याने सुरुवात बहुधा तेथून होते. कर्णरेषेतील मार्ग असलेल्या काही गाड्यांत निर्मात्याचा क्रम वेगळा असतो. टाकी मध्येच रिकामी झाली तर हवा पुन्हा शिरते. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य आहे. त्याच्या विभागात हवा अडकल्यास ती काढण्यासाठी अनेकदा स्कॅनरची गरज पडते. काढलेला द्रव परत टाकीत ओतत नाहीत, तसेच तो जमिनीत वा गटारात सोडणेही अयोग्य आहे.

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरल्यावर प्रत्येक जोड कोरडा राहिला आणि पेडल खचले नाही, तरच गाडी प्रथम मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगाने चालवून पाहतात. दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी आणि सोडवलेले सर्व जोड पुन्हा तपासले जातात.