जालना जिल्ह्यातील स्थलनामे

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांतील भाग वेगळे करून निर्माण झाला. जिल्हा अलीकडचा असला, तरी तेथील गावांच्या नावांत भिन्नभिन्न भाषांचे थर आढळतात. त्यांचा अर्थ लावताना लोकव्युत्पत्ती व लेखांचा पुरावा यांत भेद करणे अगत्याचे ठरते.

जालना शहराचे मूळचे नाव जनकपूर होते व पुढे एका धनाढ्य जुलाह्याच्या (मुसलमान विणकराच्या) इच्छेवरून ते बदलले, अशी आख्यायिका आहे. अंबडचा संबंध अंबरीष राजाशी जोडतात. जाफराबाद या नावातील ‘आबाद’ (वसलेले) हे पद फार्सी असून ते मुसलमानी अंमलाचे निदर्शक आहे. परतूर या नावातील अंत्य ‘ऊर’ हा द्राविडी ‘ऊर’ (गाव) असू शकेल, तसाच संस्कृत ‘पुर’ याचा अपभ्रंशही. केवळ ध्वनिसाम्यावरून याचा निर्णय होत नाही. लातूरच्या बाबतीत राष्ट्रकूट लेखांतील ‘लट्टलूर’ हे रूप उपलब्ध आहे, तसा आधार येथे हवा.

असा आधार भोकरदनला लाभला आहे. वरवर पाहता हे नाव भोकर वृक्षावरून पडले असावे असे वाटते. तथापि सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत (इ. स. पू. दुसरे-पहिले शतक) ‘भोगवढन’ येथील दात्यांचा उल्लेख आहे, पुराणे दक्षिणेकडील लोकांत ‘भोगवर्धन’ यांची गणना करतात, तर कलचुरी राजा शंकरगण याच्या अभोणे ताम्रपटात (इ. स. सु. ५९५) भोगवर्धन हा विषय, म्हणजे प्रशासकीय विभाग, म्हणून येतो. विद्यमान नावातील रकार प्राकृत ‘वढन’मध्ये नाही, त्यामुळे ते संस्कृत रूपाला अधिक जवळचे दिसते.

नागपूर व मराठवाडा विद्यापीठांतर्फे १९७३ मध्ये येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले. भोकरदन येथील खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची ठरते. केळणाकाठच्या या गावाचा समृद्ध पूर्वेतिहास नाव व अवशेष यांच्या एकत्रित अभ्यासातूनच उलगडला. म्हणून स्थलनाम बदलले, तरी त्याची जुनी रूपे नोंदवून ठेवणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.