तानपुऱ्यातली घूं घूं

परवा माळा आवरताना जुन्या वायरींचा गुंता सापडला. त्यात नारिंगी टोकांची एक कोअ‍ॅक्सियल वायर होती. ती पाहिली आणि बाबांची माफी मागायची राहूनच गेली, हे आठवलं.

२००६ ची गोष्ट. डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर मी त्या वायरने जोडले होते. बाबा रोज सकाळी सीडी लावत. एकदा म्हणाले, "अरे, तानपुऱ्यात काहीतरी घूं घूं मिसळतंय." मला काहीच वेगळं जाणवलं नाही. वय झालं, कान वाजत असतील, असं आम्ही ठरवूनच टाकलं. कानाच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. हळूहळू त्यांनी सीडी लावणंच सोडलं.

या वायरीचा इतिहास मी नंतर वाचला. मधे तांब्याची तार आणि भोवती धातूचं वेष्टण, अशा कोअ‍ॅक्सियल केबलचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये घेतलं ते १८८० साली! सीडी प्लेअर जपानमध्ये विकायला आले १९८२ मध्ये. लगेच १९८३ मध्ये तोशिबाने आपले सीडी प्लेअर रिसीव्हरला जोडायला टॉसलिंक ही ऑप्टिकल वायर आणली. साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू आणि त्यातून लुकलुकणारा लाल प्रकाश.

गंमत म्हणजे दोन्हींतून जातात ते तेच आकडे, सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने. त्यामुळे अमुक वायरीने आवाज गोड होतो, यात फारसं तथ्य नाही. फरक आहे तो विजेचा. तांबं दोन्ही यंत्रांचं अर्थिंग एकमेकांना जोडतं, प्रकाश जोडत नाही.

आमचा प्लेअर टीव्हीला जोडलेला आणि टीव्ही केबलवाल्याच्या तारेला. तिथून अर्थिंगचा फेरा पूर्ण होऊन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ५० हर्ट्झची बारीक घूं घूं शिरत होती. एका मित्राच्या सांगण्यावरून ऑप्टिकल वायर लावली. बाबांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "गेली."

कान त्यांचे नाही, आमचे कच्चे होते.

असो. कोणी विचारलं तर मी सांगतो: घूं घूं नसेल तर ७५ ओहमची कोअ‍ॅक्सियल घ्या, दणकट असते. असेल तर ऑप्टिकल घ्या, फक्त ती कोपऱ्यात करकचून वाकवू नका. आणि घरातलं वडीलधारं माणूस काही ऐकू येतंय म्हणालं, तर डॉक्टरांकडे नेण्याआधी एकदा वायर काढून बघा.