पाचगणीची हवा ते घरातली गोळी

१/ एडीएचडी किंवा चिंताविकारावरील गोळी सकाळी घ्यायची आणि कॉलेजला किंवा कामाला निघायचे, ही आज अनेकांची दिनचर्या आहे. उपचार घेत असतानाच रोजचे आयुष्यही जगता येते, ही कल्पना मात्र फार जुनी नाही. तिच्या इतिहासातील एक धागा पाचगणीपासून सुरू होतो.

२/ सुमारे १,३०० मीटर उंचीवरील पाचगणी १८६०च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली गिरिस्थान म्हणून आकाराला आले. पश्चिमेकडून येणारा बराचसा पाऊस महाबळेश्वरला पडून जातो, त्यामुळे येथील हवा तुलनेने कोरडी असते. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम स्थापन केले.

३/ त्या काळी क्षयाच्या जंतूंना मारणारे औषध उपलब्ध नव्हते. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचारांचा मुख्य आधार होता. त्यासाठी महिनोन्महिने घर, शिक्षण, नोकरी सोडावी लागे. बरे होण्यासाठी आधी रोजच्या आयुष्यातून बाहेर पडणे भाग होते.

४/ १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, तर १९५२ मध्ये आयसोनायझिडचा क्षयावरील परिणाम सिद्ध झाला. १९५९ मध्ये मद्रासच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधे सारखीच असतील, तर घरी राहणारे रुग्णही सॅनेटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात, असे त्यातून दिसले. मात्र घरच्या रुग्णांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. औषधे नियमित दिली जात, घरी भेटी होत आणि गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, हेही तपासले जाई.

५/ याच शोधातून मनोविकारांच्या उपचारालाही वाट मिळाली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयसोनायझिडचे भावंड असलेले इप्रोनायझिड दिले गेले, तेव्हा त्यांची मनःस्थिती उल्लेखनीयरीत्या उंचावली. पुढे ते नैराश्यावर वापरले गेले. यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते मागे पडले. पण मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन यांसारख्या रसायनांवर औषधाने परिणाम साधता येतो, या विचाराला बळ मिळाले. नैराश्य आणि चिंताविकार या दोहोंवरील आजची अनेक औषधे याच विचारातून पुढे आली.

६/ एडीएचडीच्या औषधांचा उगम वेगळा आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी काही मुलांना बेन्झेड्रिन दिले असता त्यांचे अभ्यासातील लक्ष सुधारल्याचे नोंदवले. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. भारतात त्यावर १९८५च्या अमली व मनोप्रभावी पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे.

७/ १९६४ मध्ये बेल-एअर भारतीय रेडक्रॉसकडे गेले. पुढे तेथे एचआयव्हीबाधितांवर उपचार होऊ लागले. त्या आजारातही रोजची गोळी न चुकवणे हेच आयुष्याचे बळ ठरते.

८/ सॅनेटोरियमची सक्ती गेली, पण नियमितपणाची गरज उरली. मनाच्या आजारातही औषध डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करणे धोक्याचे असते. पूर्वी रुग्णाची दिनचर्या संस्था सांभाळत असे. आज ती जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवर आहे. म्हणूनच रोज गोळी घेणाऱ्याला ‘मनाने कमकुवत’ म्हणणे अन्यायाचे आहे. ज्यासाठी एके काळी डोंगरावरची अख्खी संस्था लागे, ते काम तो स्वतःच्या घरात रोज पार पाडत असतो.